सोमवारचा फळा

सोमवारी सकाळी साडेआठला आमच्या जिन्याखाली खडू वाजायचा. आधी ओल्या फडक्यानं फळा पुसला जायचा, मग चार ओळी लिहिल्या जायच्या, आणि लिहिणारा दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून त्या ओळींकडे पाहत राहायचा. जणू त्या दुसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवल्या होत्या. मग खडूची बोटं जिन्याच्या कठड्याला पुसून वर निघून जायचा. त्या कठड्यावरून मी त्याला बारा वर्षं बोलले. फरक पडला नाही.

सई आणि निखिल, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत की वरच्या खोल्यांना कुलूप का आहे आणि दाणीकाका कुठे गेले. मी म्हटलं, नागपूरला गेले. पण ते उत्तर झालं नाही. फोनवर मला एवढं सगळं सांगता येत नाही, तुमच्याकडे नेहमी कुठेतरी निघायची घाई असते. मराठीत लिहिलं की तुम्हाला हळू वाचावं लागेल, म्हणून लिहिते आहे.

फळ्यावर काय असायचं ते आधी सांगते. वेबसाइट तयार करायला ज्या वेगवेगळ्या भाषा लागतात, त्यांची नावं असायची. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा, पीएचपी. प्रत्येक नावासमोर एक आकडा आणि आकड्यापुढे वर किंवा खाली जाणारा बाण. रविवारी श्रीकांत, म्हणजे तुमचे दाणीकाका, नोकऱ्यांच्या दोन-तीन साइट उघडून बसायचा आणि देशभरात त्या आठवड्यात कुठल्या भाषेच्या किती जागा निघाल्या ते मोजायचा. तुमचे आजोबा होते तोवर सोमवारी पेपर घेऊन मुद्दाम दारात बसायचे.

"काय श्रीकांत, मंडी उघडली का? आज तेजी कोणाची?"

"काका, जावास्क्रिप्ट चढून राहिली. पीएचपीला कोणी विचारत नाही."

"मग पीएचपीची भाजी करून टाक संध्याकाळी. उगाच सडेल."

हा विनोद आजोबांनी किती वेळा केला असेल कोण जाणे. श्रीकांत दर वेळी नव्यानं हसायचा. आजोबा गेले त्यानंतरच्या सोमवारी त्यानं फळा लिहिला, दाराकडे पाहिलं, आणि आकडे चुकले असावेत तसं सगळं पुसून पुन्हा तेच लिहिलं.

श्रीकांत दाणी इथून जवळच्याच पनागरचा. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, काका शेती करायचे. पॉलिटेक्निक करून तो इंदूरला एका कंपनीत लागला, चार वर्षं राहिला, आणि वडिलांच्या आजारपणात रजा घेऊन आला तो आलाच. वडिलांचं दुखणं वर्षानुवर्षं चाललं, ते गेले तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. मग वर्ग काढायचा म्हणून आमच्या वरच्या दोन खोल्या विचारायला आला. पायात धुतलेली चप्पल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल. मी विचारलं, "काय शिकवणार?"

"काकू, ज्याची नोकरी लागते ते."

"आणि तुला काय शिकवायला आवडतं?"

त्यानं हातातली पिशवी दोनदा सरळ केली. मला आपण काही भलतंच विचारलं असं वाटायला लागलं. मग म्हणाला, "असं कोणी विचारलंच नाही."

मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पहिल्या वर्षी जे व्याकरण शिकवलं तेच निवृत्तीच्या दिवशी शिकवलं. क्रियापद कधी जागचं हललं नाही. श्रीकांतच्या नशिबात तसं नव्हतं. दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन निघायचं, आणि मुलांच्या आधी त्याला शिकावं लागायचं. रविवारी दुपारी मी गच्चीवर वाळवण बघायला गेले की तो खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर दिसायचा, चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत, अगदी बाराखडी घोकणाऱ्या पोरासारखा. एकदा मला म्हणाला, "काकू, लोकं पहिलीतून दुसरीत जातात. मी बारा वर्षं पहिलीतच बसून राहिलो. फक्त पुस्तक बदलते."

त्यानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "करायचं होतं हो. पण प्रत्येक ठिकाणी तीन वर्षांचा अनुभव मागून राहिले."

शिकवायचा मात्र सुरेख. मी खालून ऐकत असे. त्याच्या वर्गात आवाज चढायचा नाही. मुलं आमच्या या हिंदी शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांतली, रांझीची, अधारतालची, गढ्याची. त्यातली निम्मी घरी मराठी समजणारी आणि बाहेर हिंदी बोलणारी, तुमच्यासारखीच, फक्त तुमच्याकडे हिंदीच्या जागी इंग्रजी आहे. कोणी अडलं की तो उत्तर सांगत नसे. "पढ़ो. ज़ोर से पढ़ो. क्या लिखा है, वो पढ़ो, क्या लिखना था वो नहीं," एवढंच म्हणायचा. पोरगं आपणच लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला गप्प व्हायचं. मग वरून सगळ्यांचं हसू ऐकू यायचं.

नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी तो त्यांना मटाराची गोष्ट सांगायचा. आमच्याकडचा मटार कुठेकुठे जातो तुम्हाला माहीत आहे. त्याच्या काकांनी एका वर्षी मटाराला मिळालेला भाव पाहिला आणि पुढच्या वर्षी गहू सोडून सगळ्या शेतात मटार पेरला. सगळ्या गावानंच पेरला. त्या हिवाळ्यात तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून लोकांनी उभ्या पिकात गाई सोडल्या. गोष्ट संपली की तो म्हणायचा, "भाव देखकर बोओगे तो मंडी में सबसे पीछे खड़े मिलोगे."

मुलं माना डोलवायची आणि खाली उतरताना जिन्यापाशी थांबून फळ्याचा फोटो काढायची.

मी एकदा म्हटलं, "श्रीकांत, तू वर एक सांगतोस आणि खाली दुसरंच लिहितोस."

"काय करू काकू? फळा नसला तर पोरं समोरच्या क्लासात जातात. तिथं तर नोकरीची हमी लिहून ठेवली आहे, माळ घालून. मी खोटं तर नाही लिहून राहिलो ना? आकडा आहे तो आकडा आहे."

आकडा खराच असायचा. ते मी आजही सांगेन.

आता फोनचं सांगते. वर्गात मोबाइल बंद ठेवायचा हा त्याचा नियम होता, आणि स्वतःचाही तो बंद ठेवायचा. म्हणून बाहेरच्या पाटीवर त्यानं आमच्या घरच्या फोनचा नंबर घातला होता. मी फोन घ्यायचे आणि फोनजवळच्या वहीत लिहून ठेवायचे. तारीख, नाव, काम काय. वर्ग सुटला की तो वही वाचून जायचा. असे फोन सारखे येत नसत. वर्षाला पाच-सात. कमानिया गेटजवळ चौकसेजी नावाच्या गृहस्थांचं ऑफिस आहे, भांड्यांच्या दुकानाच्या वर. ते शहरातल्या शाळांच्या वेबसाइट करतात. फी, निकाल, सुट्ट्या वगैरे. त्यांचा फोन असायचा, कधी एखाद्या हॉटेलवाल्याचा, कधी दवाखान्याचा. "दाणीजी से कहिए, एक लड़का भेज दें." श्रीकांत एखादं पोरगं पाठवायचा, ते लागायचं. तो ते फळ्यावर लिहीत नसे. मीही वहीत लिहायचे आणि पान उलटायचे.

ज्योती आली ती गेल्या वर्षी, राखीच्या दुसऱ्या दिवशी. ज्योती पटेल, पनागरचीच. वय सत्तावीस, पाच वर्षांची मुलगी. कटनीचं सासर सोडून भावाकडे आली होती, आणि सासरी परत जायचं नाही एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं. का, ते मी विचारलं नाही, आणि तिच्या मनगटावरच्या वळांकडे एकदा पाहिल्यावर विचारायची गरजही राहिली नाही. राखी बांधल्यावर भावानं साडी पुढे केली तर ती म्हणाली, साडी नको, एक वर्ष दे. भाऊ वाईट नव्हता. त्यानं शब्द दिला, पुढच्या राखीपर्यंत माझ्या घरी राहा आणि शीक. त्यानंतर मात्र एक तर आपल्या पायावर उभी राहा, नाहीतर जिजाजी घ्यायला येतील तेव्हा जा. घरात त्याचीही बायको होती, दोन मुलं होती.

हे सगळं तिनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून सांगितलं. समोर फळा होता. मी दारात तांदूळ निवडत होते.

"सर, मेरे पास एक साल है. आप बस ये बता दो, किसमें नौकरी लगेगी?"

श्रीकांत फळ्याकडे वळला. मला ती वेळ नीट आठवते. एरवी अशा प्रश्नाला तो विचारायचा, आधी काय केलंस, गणित येतं का, कुठे राहायचं आहे. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहवत नसावं, म्हणून तो आकड्यांकडे पाहत राहिला. जावास्क्रिप्टसमोरचा आकडा सगळ्यांत मोठा होता आणि बाण वर होता. पीएचपी तळाला.

"जावास्क्रिप्ट," तो म्हणाला. "पीएचपी मत करो. उसका ज़माना गया."

ती रोज पनागरहून बसनं यायची. पहिली येऊन शेवटची जायची. डबा आमच्या अंगणात खायची आणि मुलीचं तोंड पुसावं तसं डब्याचं झाकण पुसून ठेवायची. श्रीकांत म्हणायचा, इतक्या वर्षांत अशी वाचणारी विद्यार्थिनी मिळाली नाही. दिवाळीनंतर त्यानं पीएचपीचा वर्ग बंदच केला. फळ्यावरचं ते नावही काढलं, तीनच ओळी उरल्या. मी म्हटलं, रिकामं वाटतं. तर म्हणाला, "काकू, मेलेल्याचं नाव रेशनकार्डावर काहून ठेवायचं?"

मे महिन्यात ज्योतीचं शिकून झालं. मग अर्ज सुरू झाले. पुणे, इंदूर, बंगळूर, घरी बसून करायची कामं, सगळीकडे. जाहिराती शेकड्यांनी होत्या, फळा खोटं बोलत नव्हता. पण जाहिरात उघडली की खाली लिहिलेलं असायचं, तीन वर्षांचा अनुभव, पाच वर्षांचा अनुभव. जिथे नवशिक्यांना घेत होते तिथे एका जागेला हजारांनी अर्ज. देशभरात सगळ्यांनी तोच आकडा पाहिला होता. काही ठिकाणी परीक्षा झाली, ती पास झाली, आणि पुढे काहीच कळवलं नाही. एका ठिकाणच्या मुलानं तिला फोनवर सरळ सांगितलं, दीदी, सुरुवातीची कामं आता आम्ही माणसाला देत नाही, यंत्राकडून लिहून घेतो.

जून सरला. राखीला सहा आठवडे राहिले. ज्योती पायरीवर बसून नखानं चटईच्या काड्या काढत बसायची. तिनं श्रीकांतला दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. वर्गात तोवर सातच मुलं उरली होती. बाकीची घरी बसून व्हिडिओवर शिकत होती किंवा शिकायचंच सोडून बसली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौकसेजींचा फोन आला. मी वहीत लिहिलं आणि वर्ग सुटल्यावर वही श्रीकांतला दिली. त्यानं वाचलं आणि उभ्यानंच मला विचारलं, "पीएचपीवाला पाहिजे म्हणाले?"

"हो. शाळा उघडल्या आहेत, फीचं काम तुंबलं आहे, लगेच पाठवा म्हणाले."

"माझ्याकडे नाही कोणी," तो म्हणाला. वही मिटणार होता, पण मिटली नाही. त्यानं मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. मग माझ्या खुर्चीवर बसला. "काकू, जुन्या वह्या आहेत का?"

माझ्याकडे सगळ्या होत्या. कपाटात वर्षं घालून ठेवलेल्या. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि बारा वर्षांचे फोन पाहिले. त्याच्या हाताखालून गेलेल्या ज्या ज्या पोराला नोकरी लागली होती, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची नोकरी त्या वह्यांतल्या एखाद्या फोनवरून आली होती. आणि काम विचाराल तर, पीएचपी. शाळा, दवाखाने, हॉटेलं, मिठाईवाले, या गावात सगळ्यांनी कधीतरी त्यातच वेबसाइट करून घेतली होती आणि आता तिची डागडुजी करायला त्यांना माणूस लागत होता. ती जागा कुठल्याही साइटवर जाहिरात होऊन येत नव्हती. ती फोननं येत होती, माझ्या हातात. म्हणून मोजली जात नव्हती.

"देशभराचं मोजत बसलो," श्रीकांत म्हणाला. "घरच्या फोनचं नाही मोजलं."

वह्या माझ्या होत्या. व्यवस्थित ठेवण्याचा मला इतका अभिमान, पण ठेवलेलं वाचायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

तो त्याच संध्याकाळी कमानिया गेटला गेला. परत आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं, चौकसेजींची नक्कल करून. ते सगळ्यांना बड्डे म्हणतात, आपण दादा म्हणावं तसं.

"अरे बड्डे, डेढ़ महीने में सिखाओगे? मुझे तो कल चाहिए. फ़ीस अटकी पड़ी है, प्रिंसिपल लोग मेरा खून पी रहे हैं."

"कल से आदमी मिल जाएगा."

"कौन?"

"मैं."

चौकसेजी हसले म्हणे. मग त्याचा चेहरा पाहून हसायचे थांबले. ठरलं ते असं, की राखीपर्यंत श्रीकांत स्वतः त्या खुर्चीवर बसेल आणि राखीनंतर तिथे ज्योती बसेल. वय बावन्न, बारा वर्षांचा मास्तर, आणि काम वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं. शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा त्याचाच जुना विद्यार्थी निघाला. पहिल्या दिवशी तो उठून उभाच राहिला, बसेना. श्रीकांत म्हणाला, "बैठ जा रे. आज से तू सीनियर है."

ते सहा आठवडे मी पाहिले. ज्योती पहिल्या बसनं सात वाजता यायची. नऊपर्यंत दोघं वर. "ज़ोर से पढ़ो. क्या लिखा है, वो पढ़ो." नऊला तो खाली उतरायचा, माझ्याकडे एक पोळी उभ्यानं खायचा आणि ऑफिसला जायचा. ज्योती दुपारभर वर एकटी बसून करत राहायची. संध्याकाळी तो ऑफिसमधली खरीखुरी अडचण कागदावर लिहून आणायचा आणि तिला सोडवायला द्यायचा. सात मुलांचा वर्ग त्यानं शनिवार-रविवारवर ढकलला. सातांची चार झाली. सोमवारी फळा लिहायचं कधी थांबलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, "अरे, जरा पड." तर म्हणाला, "पडलो तर उठायचं नाही हो, काकू."

राखीला चार दिवस असताना तो दुपारीच घरी आला. मी विचारलं, बरं नाही का? तो पायरीवर बसला आणि बूट काढत बसला.

"चौकसेजी म्हणून राहिले, तुम्हीच राहा. नवीन पोरगी नको. पगार वाढवून देतो."

खरं सांगते, मला आनंद झाला. वर्ग संपत आला होता हे आंधळ्यालाही दिसत होतं. त्याला पुढची आठ-दहा वर्षं काढायची होती. ज्योतीचं वाईट वाटलं, पण आनंद आधी झाला. मी म्हटलं, "मग?"

"मग काय. सांगून आलो, उद्यापासून येत नाही. ठेवायचं असेल तर तिला ठेवा, नाही तर खुर्ची रिकामी ठेवा. शाळांचं अर्धं काम करून ठेवलं आहे. बाकीचं अर्धं फक्त तिलाच माहीत आहे."

"श्रीकांत, तू मूर्ख आहेस."

"आहे ना."

"तुला कोण देणार आहे आता नोकरी? बावन्नाव्या वर्षी?"

"कोणी नाही," तो म्हणाला. मग बूट जोडीनं भिंतीला लावून ठेवले, माझ्याकडे न पाहता. "पण काकू, तिला जावास्क्रिप्ट म्हणून सांगितलं तेव्हा तोंड माझंच होतं ना."

चौकसेजी दोन दिवस रागावले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ज्योतीला बोलावलं. दुसरं करणार काय? राखीच्या दिवशी तिच्या हातात नोकरीचा कागद होता. भावानं मुलीला पनागरच्या शाळेत घातलं. जिजाजी आले नाहीत.

तुम्हाला वाटेल ती येऊन पाया पडली असेल. ती आली ती भांडायला. ऑफिसातल्या मुलानं तिला सगळं सांगितलं होतं. श्रीकांत वर खोल्या आवरत होता, तिनं खालूनच सुरुवात केली.

"सर! आपने मुझसे पूछा क्यों नहीं?"

"क्या पूछना था?"

"कि कुर्सी चाहिए कि नहीं! ऐसे चाहिए कि नहीं! पहली बार भी आपने ही तय किया, दूसरी बार भी आपने ही. मैं क्या हूँ, आपका कंप्यूटर?"

श्रीकांत जिन्यात मधेच उभा होता, हातात वायरींचा गुंडाळा. तो गुंडाळा आणखी घट्ट करत राहिला. ती बरोबर बोलत होती. थोडा वेळ रडली, डोळे पुसले ते पदरानं नाही, मनगटानं. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "लंच खतम हो रहा है," आणि गेली.

त्यानंतर महिन्याभरात वर्ग बंद झाला. त्याची बहीण नागपूरला असते. तिच्या ओळखीनं तिथल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा मिळाली, सहावी ते आठवी, वर्षावर्षाच्या करारानं. कॉम्प्युटर त्यानं विकून टाकले. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवला. मी पुरणपोळी करणार होते तर म्हणाला, नको, पिठलं करा. जेवताना मी त्याला आपल्या निखिलचं विचारलं. तो पुढच्या वर्षी काय घ्यावं म्हणून गोंधळला आहे, तू एवढा जाणकार, काय सांगशील? त्यानं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तसाच धरून ठेवला.

"काकू, मी आता कोणाला काही सांगत नाही. त्याला म्हणावं, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे जो पाहील त्याला विचार."

निखिल, हा तुझा निरोप. मी तो तसाच पोचवते आहे.

तो शनिवारी सकाळच्या बसनं गेला. ज्योतीला त्यानं रविवार सांगितला होता. मुद्दामच, मला शंका नाही. माझ्या पायाला हात लावला, कॉलनीच्या वळणापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

शनिवारी ज्योतीला अर्धाच दिवस ऑफिस असतं. दुपारी ती आली. हातात खव्याच्या जिलबीचा पुडा होता, कमानिया गेटवरून आणलेला, पहिल्या पगाराचा. वर कुलूप दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सकाळीच गेला. ती पायरीवर बसली, पुडा शेजारी ठेवला, आणि मला वाटलं, आता परत रागावणार. तिनं फोन काढून लावला, आणि स्पीकर चालू करून, हात भरून आल्यासारखा फोन मांडीवर ठेवला, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. बसचा आवाज, कोणाचं तरी मूल रडत होतं. नागपूरच्या वाटेवर, सिवनीच्या पुढे कुठेतरी असेल.

"हाँ, ज्योती," श्रीकांतचा आवाज आला. थकलेला. काहीतरी ऐकून घ्यायची तयारी केलेला.

तिनं जिलबीचा पुडा जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सर, रिज़ल्ट वाले पन्ने में गड़बड़ है. दो बच्चों का रोल नंबर एक ही आ रहा है."

पलीकडे बस तशीच वाजत होती, पण आवाज बदलला. "कब से?"

"कल से."

"किस स्कूल का? जिसमें दो पाली लगती है? अच्छा. तो घबराओ मत. पहले पढ़ो, क्या लिखा है. सुबह वाली पाली का नंबर कहाँ से शुरू हो रहा है, वो देखो…"

तो बोलत राहिला. मधेच आवाज तुटायचा, पुन्हा लागायचा, तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. ती "हाँ सर, हाँ सर" म्हणत होती आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मी आत जाऊन चहा ठेवला, गाळला, घेऊन आले, तरी चाललेलंच होतं. शेवटी त्यानं विचारलं, "समझ में आया?" ती म्हणाली, "आ गया, सर." त्यानं म्हटलं, "कर लोगी," आणि फोन बंद झाला.

मी तिच्या हातात कप दिला. म्हटलं, "बड़ी गड़बड़ है क्या? शनिवारी परत ऑफिसला जावं लागेल?"

"नहीं, आंटीजी," ती म्हणाली आणि जिलबीच्या पुड्याचा दोरा सोडायला लागली. "वो तो मैंने कल ही ठीक कर दिया था."